टेपखालची सोनेरी सुई

"व्हर्ना, तू पास केलेल्या घरात माणूस मेलंय."

शेरीफ स्टॅन प्रेबिचला फोनवर गोड बोलायची सवय कधीच नव्हती. सोमवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते. बाहेर उणे तीस. व्हर्ना हूल काउंटीच्या इमारत खात्यात नुकतीच पोचली होती. अंगातला कोट तसाच होता.

"कुठलं घर?"

"सरोवराकाठचं. मार्टा कांगासबाईंचं. ते बक्षीसवालं."

व्हर्ना खुर्चीत बसली नाही. मोटारीची किल्ली घेऊन तशीच बाहेर पडली.

अगेट काउंटीत ते घर सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरून साधंच, राखाडी लाकडाचं. खरी करामत त्या लाकडामागे होती. तिथे हिरवे बोर्ड होते. पाणी अडवायची आणि वारा अडवायची, दोन्ही सोयी बोर्डाच्या हिरव्या थरातच. बोर्डांच्या सांध्यांवर काळी टेप लावायची, वरून रोलर दाबून फिरवायचा, की चारही भिंती एका कातडीसारख्या एकसंध. घराला कुठेही फट नाही. उत्तर मिनेसोटातल्या हिवाळ्यात असं घर एवढ्याशा उष्णतेवर ऊबदार राहतं. दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, मिनियापोलिसच्या समारंभात या घराला राज्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं.

मार्टा स्वयंपाकघरात टेबलापाशी होती. डोकं हातावर टेकलेलं, जसं काही वाचता वाचता डोळा लागलाय. गाल गुलाबी. व्हर्नाने तो गुलाबी रंग पूर्वी एकदा पाहिला होता, बर्फावर मासे धरायच्या बंद खोपीत. तेव्हाही डॉक्टरने एकच नाव घेतलं होतं. कार्बन मोनॉक्साइड.

"पुतण्याने पाहिलं," प्रेबिच म्हणाला. "आर्नी. सकाळी बर्फ काढायला आला होता."

आर्नी कांगास ओसरीत उभा होता. पंचेचाळिशीचा, दाढीत बर्फ.

"काकू फोन उचलत नव्हती," तो म्हणाला. "मला वाटलं, रागावलीय. मी रविवारी जेवायला यायचं कबूल केलं होतं आणि आलो नाही."

"का नाही आलात?"

"थंडी होती," आर्नी म्हणाला आणि मान खाली घालून रडायला लागला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडं जाळायची लोखंडी शेगडी होती. आत राख आणि विझत आलेले निखारे. ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा अजून चालू होता. छताजवळ भिंतीवर एक गोल पांढरी खूण होती. विषारी वायूच्या अलार्मची जागा. अलार्म नव्हता.

तो व्हर्नाला टेबलाच्या खणात सापडला. हातरुमालात गुंडाळून ठेवलेला.

इतक्या घट्ट घरात शेगडीला जाळायला हवा मिळत नाही. म्हणून तिला बाहेरून वेगळा पाइप देतात. भिंतीबाहेर त्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी असते. व्हर्ना शिडी घेऊन घराच्या मागच्या बाजूला गेली, टोपीचे स्क्रू काढले आणि हातातला टॉर्च आत धरला.

पाइपचं तोंड बंद होतं. काळी टेप. आडवी, उभी, पुन्हा आडवी.

आत हवा जायला वाटच नव्हती. ओट्यावरचा पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, बाहेरची हवा आत येत नव्हती, तेव्हा घराने श्वास घेतला तो धुराड्यातून. उलटा. विझत्या निखाऱ्यांचा वायू सरळ स्वयंपाकघरात आला.

व्हर्ना शिडीवरून उतरली. सत्तावीस ऑक्टोबरला याच घराच्या कागदावर तिने सही केली होती. 'राहण्यास योग्य.' त्या दिवशी शिडी गाडीवरच होती. तिने ती काढली नव्हती.

"टेप?" प्रेबिच म्हणाला. "ही गॅरेजमध्येच पडली होती अख्खी गुंडाळी. नावासकट."

त्याने गुंडाळी पुढे केली. पुठ्ठ्याच्या कड्यावर जाड अक्षरात लिहिलं होतं : गुआमान.

*

दुपारी ग्लेन विकस्ट्रम आपणहून आला.

पासष्ट वर्षांचा, पांढऱ्या केसांचा, उंच माणूस. काउंटीच्या कॉलेजात तो घरबांधणी शिकवायचा, मार्टाचं घर त्याच्याच आराखड्यावर उभं होतं, आणि घरांची गळती मोजायचं प्रमाणपत्र आसपास फक्त त्याच्याकडेच होतं. मुख्य दारात मोठा पंखा बसवायचा, घरातली हवा ओढायची आणि फटींतून किती हवा आत येते ते मोजायचं. आकडा पॉइंट साठच्या आत आला तर घर पास. या घराचा आकडा होता पॉइंट एकोणपन्नास.

व्हर्ना त्याची विद्यार्थिनी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी रिझर्वेशनवरून, मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीतून, आलेली ही मुलगी सुतारकामाच्या वर्गात एकटीच बाई होती. पोरं तिची हत्यारं लपवायची, तेव्हा ग्लेनने आपली पेटी तिच्या बाकावर ठेवली होती. ही नोकरीही त्याच्याच शिफारशीची.

"माझ्यासाठी तिने पुल्ला भाजला होता गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "वेलचीचा तो फिनिश गोड पाव."

"सर, त्या टेपचं काय?"

"भिंतीला भोक पाडलं की पाऊस येऊ नये म्हणून तात्पुरती लावतात. काढायचं राहून जातं. किती वेळा ओरडलोय मी या टेपवाल्या पोरांवर."

"म्हणजे तुमच्या तपासणीच्या दिवशी ती टेप तिथेच होती?"

"असणार. टोपीच्या आत कोण बघतं?"

"तपासणी अठरा ऑक्टोबरला. एकदाच?"

"सतराला गेलो होतो. पण वारा इतका होता की पंखा लावलाच नाही. वाऱ्यात आकडा खोटा येतो. अठराला परत गेलो." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. सहीचं मी बघतो. वर बोलतो."

व्हर्नाला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

*

सेगुंदो गुआमानला मंगळवारी दुलुथमध्ये दुसऱ्या एका कामावरून पकडून आणलं. तो एक्वादोरच्या डोंगरातला. बुटका, रुंद खांद्यांचा, तळहात टेपच्या डिंकाने काळवंडलेले. बुधवारी सकाळी व्हर्ना त्याला भेटायला तुरुंगात गेली. प्रेबिच भिंतीला टेकून उभा होता.

"सेगुंदो, तुम्ही मार्टाबाईंच्या घरावर कधीपर्यंत होतात?"

"वीस सप्टेंबर, मॅडम. सांधे संपले, मी गेलो."

"शेगडीच्या पाइपचं भोक तुम्ही बंद केलंत?"

"कसलं भोक? मी होतो तेव्हा भिंतीला भोकच नव्हतं. नुसती हिरवी भिंत."

"ठेकेदार ट्वेटन म्हणतो, तुम्ही नंतरही आला असाल," प्रेबिच मधेच बोलला.

"ट्वेटनसाहेब असं म्हणाले?" सेगुंदोने क्षणभर टेबलाकडे पाहिलं. "बरं."

व्हर्नाला ट्वेटनचा फोन आठवला. 'तारखाबिरखा मला विचारू नका बाई. कोण आला, कोण गेला, मी काय वही घेऊन बसतो का?' देशात राहायचे कागद नसलेली माणसं कामाला ठेवणारा माणूस तारखा आठवत नाही. तारखा आठवल्या तर माणसंही आठवावी लागतात.

तिने टेपचा फोटो पुढे सरकवला. सेगुंदोने तो जवळ धरला, मग लांब धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला.

"हे माझं काम नाही."

"कशावरून?"

"सुरकुत्या बघा. कडा उचललेल्या. रोलर नाही फिरवला. अंगठ्याने दाबलंय, इथे, इथे, इथे. मी अशी टेप लावली तर मला कोण कामावर ठेवेल?"

"असं सगळेच म्हणतात," प्रेबिच म्हणाला.

"अंगठ्याने दाबलं असेल तर डिंकात ठसा असेल, स्टॅन."

"असेल. राज्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवलंय सगळं. उत्तर यायला सहा आठवडे."

"तोवर हा इथेच?"

उत्तर सेगुंदोने दिलं. "माझ्याकडे सहा आठवडे नाहीत, मॅडम. कागद नसलेल्या माणसाला तुरुंगात ठेवलं, की दुसरेच लोक न्यायला येतात."

*

टेप पाठवण्याआधी व्हर्नाने तिचे फोटो काढले होते. बुधवारी दुपारी तिने ते ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर लावले. चिकट बाजू वर.

डिंकात काहीतरी अडकलं होतं. कचरा वाटला आधी. तिने फोटो मोठा केला.

मऊ, बारीक, बोटाच्या पेराएवढ्या सुया. चार-पाच. रंग सोन्यासारखा पिवळा.

टॅमरॅक.

पाइनसारखी सुईच्या पानांची सगळी झाडं हिवाळाभर हिरवी राहतात. टॅमरॅक तेवढा राहत नाही. तो ऑक्टोबरात पिवळा पडतो आणि महिन्याच्या मध्याला, आठ-दहा दिवसांत, सगळ्या सुया गाळून उघडा होतो. मार्टाच्या घरामागे टॅमरॅकची रांगच होती. सप्टेंबरात त्या सुया हिरव्या असतात, झाडाला घट्ट. नोव्हेंबरात बर्फाखाली. सोनेरी सुई वाऱ्यावर उडून उघड्या डिंकाला चिकटते ती ऑक्टोबरच्या त्याच दिवसांत.

म्हणजे टेप तेव्हा लावली गेली. भिंतीचं बाहेरचं लाकूड आठ ऑक्टोबरला पुरं झालं होतं. टोपी दहाला बसली होती. पाऊस अडवायचं कारणच उरलं नव्हतं.

ती पुन्हा मार्टाच्या घरी गेली. स्वयंपाकघरात भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं. मार्टा चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती. रोजच्या चौकोनात काहीतरी लिहायची सवय सुटली नव्हती. बांधकाम चालू असताना ती आवारातल्या जुन्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, खोलीत राहायची. गेल्या वर्षीचं कॅलेंडर नव्याच्या मागेच अडकवलेलं होतं. व्हर्ना उभ्यानेच वाचत गेली.

सतरा ऑक्टोबर : 'सरोवर आरशासारखं. टॅमरॅक सोन्याचे. पंख्याचा माणूस तासभर घरघर करून तोंड पाडून गेला. जाताना एकाहत्तर, एकाहत्तर पुटपुटत होता. मी म्हटलं, मला शहात्तरावं आहे.'

अठरा ऑक्टोबर : 'पंखा पुन्हा. आज स्वारी खूश. पुल्लाचे तीन तुकडे.'

नऊ जानेवारी : 'अलार्म तीनदा. फोन केले. म्हणाले, यंत्र बिघडलंय, काढून ठेवा, शनिवारी येतो.'

अकरा जानेवारी : 'डोकं दुखतं. शेगडी कमी केली.'

तेरा जानेवारी, शनिवार : 'कोणी आलं नाही.'

चौदाव्या चौकोनात एवढंच : 'फार थंडी. आर्नी जेवायला येणार. शेगडी पेटवते.'

व्हर्नाने दोन्ही कॅलेंडरं खिळ्यावरून काढून घेतली. मग तिने प्रेबिचला फोन लावला.

"नऊ जानेवारीला तिने कोणाकोणाला फोन केले?"

कागद चाळल्याचा आवाज. "तीन. पुतण्याला, त्याने उचलला नाही. ट्वेटनच्या ऑफिसात, तिथे निरोपाचं यंत्र. आणि कॉलेजला, चार मिनिटं. त्यात काही नाही. मंगळवारी तिचा विणकामाचा वर्ग असायचा तिथे."

व्हर्नाने कॉलेजचा नंबर फिरवला. ध्वनिमुद्रित आवाज आला. कॉलेजला बावीस जानेवारीपर्यंत सुट्टी होती. सगळे वर्ग बंद. फक्त बांधकाम कार्यशाळेशी बोलायचं असेल तर चार दाबा.

तिने चार दाबलं नाही. फोन ठेवला आणि हातमोजे घालायला लागली, काढायला लागली, पुन्हा घालायला लागली.

*

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिने सगळ्यांना मार्टाच्या घरी बोलावलं. प्रेबिच, आर्नी, ट्वेटन. आणि आपला पंखा घेऊन ग्लेन.

"आता मोजून काय उपयोग?" ग्लेन म्हणाला. "थंडीत लाकूड आकसतं. आकडा बदललेला असणार."

"बदलू दे, सर. मला फक्त बघायचंय."

त्याने दारात लाल कापडाची चौकट ताणून बसवली. पंखा घरघरू लागला. पडदे आत ओढले गेले. आर्नीने कानांवर हात ठेवले. ट्वेटन खिडकीतून बाहेर पाहत होता. दहा मिनिटांनी ग्लेनने यंत्राकडे पाहिलं आणि ते स्वतःकडे वळवून घेतलं.

"वाचून दाखवता?"

"थंडीमुळे—"

प्रेबिच पुढे झाला आणि यंत्रावर वाकला. "शून्य पॉइंट सात एक."

व्हर्नाने खिशातून काळी टेप काढली, बाहेर जाऊन शिडीवर चढली आणि पाइपचं तोंड बंद करून आली. "आता परत."

पंखा पुन्हा घरघरला. यावेळी प्रेबिचने विचारायची वाट पाहिली नाही.

"पॉइंट चार नऊ." त्याने टोपी मागे सारली. "हा तर तुझ्या कागदावरचा आकडा, ग्लेन."

"अर्थात," ग्लेन म्हणाला. "मी म्हटलंच होतं. टेप आधीपासून तिथेच होती. त्या पोराची."

"मग पॉइंट एकाहत्तर कधी आला होता, सर?" व्हर्नाने विचारलं.

"कधीच नाही. आत्ताच."

तिने कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि सतराच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"तुम्ही म्हणालात, सतराला वारा होता, पंखा लावलाच नाही. बाई लिहितात, सरोवर आरशासारखं होतं आणि पंखा तासभर चालला. जाताना तुम्ही एकाहत्तर म्हणत होतात. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांचं वय सांगताय."

तिने बोट अठराच्या चौकोनावर सरकवलं.

"सतराला पाइप उघडा होता, म्हणून एकाहत्तर. घर नापास. अठराला पाइप बंद, म्हणून एकोणपन्नास. एका दिवसात फक्त एकच गोष्ट बदलली. टेप. तिच्या डिंकात टॅमरॅकच्या सोनेरी सुया आहेत, त्या ऑक्टोबरच्या मधल्याच दिवसांतल्या. सेगुंदो वीस सप्टेंबरला इथून गेला. तेव्हा हे भोकच नव्हतं."

ती ट्वेटनकडे वळली. "नव्हतं ना?"

ट्वेटनने ओठ चावला. "नव्हतं. भोक मी पाडलं. सहा ऑक्टोबरला."

"हे परवा का नाही सांगितलंस?" प्रेबिच गुरगुरला.

"परवा मला कोणी असं विचारलं नाही."

व्हर्ना ग्लेनपुढे उभी राहिली. "गॅरेजमध्ये सेगुंदोची गुंडाळी पडली होती. तुमच्याकडे त्याचा रोलर नव्हता. अंगठ्यानेच दाबली असणार. डिंकात ठसे आहेत, सर. सहा आठवड्यांनी कळेलच कुणाचे ते. की आत्ताच अंगठा देता?"

ग्लेन खुर्चीवर बसला. मार्टाच्याच खुर्चीवर. आर्नीने ते पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. प्रेबिचने त्याचा दंड धरला.

"भिंतीत दोष नव्हता," ग्लेन म्हणाला. आवाज खाली गेला होता. "भिंत उत्तम होती. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात चांगली. त्या शेगडीच्या दाराच्या कडेची पट्टी गळत होती, बस. साध्या पट्टीपायी नापास? वीस वर्षं मी या काउंटीला सांगतोय, अशी घरं बांधा, इंधन जाळू नका. वीस वर्षं लोक हसतायत. आणि माझं पहिलं घर नापास?"

"पट्टी बदलायची होती."

"सहा आठवडे लागले असते यायला. बक्षिसाची मुदत वीस ऑक्टोबर होती."

"आणि बक्षीस ठरल्यावर? तेव्हा का नाही काढली?"

"वर्षाने पुन्हा तपासणी असते. ती झाली की काढणार होतो. तिच्याकडे विजेवरची सोय होती, व्हर्ना. शेगडी ती हौसेला ठेवणार होती. मला म्हणाली होती तसं."

"जन्मभर लाकडाच्या शेगडीपाशी बसलेली फिनिश बाई, सर. तिला शेगडी हौसेला?"

त्याने खुर्ची शेगडीपासून दुसरीकडे वळवली.

"इथपर्यंतचं मी समजू शकते," व्हर्ना म्हणाली. "चूक म्हणून. निष्काळजीपणा म्हणून. माझीही एक चूक यात आहे. पण नऊ जानेवारी. कॉलेज बंद होतं, फक्त तुमची कार्यशाळा उघडी होती. त्या चार मिनिटं तुमच्याशी बोलल्या. अलार्म तीनदा वाजला म्हणाल्या. का वाजतोय ते या जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्या माणसाने सांगितलं, यंत्र बिघडलंय, काढून ठेवा."

"काकूने मलाही केला होता," आर्नी पुटपुटला. "मी उचलला नाही."

"शेगडी पेटवू नका, एवढं म्हणायचं होतं, सर. तीन शब्द. बाकी काही नाही."

"म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का?" ग्लेन म्हणाला. "शिक्षिका होती ती. का ते कळल्याशिवाय सोडलं नसतं. शनिवारी येऊन गुपचूप काढणारच होतो मी."

"शनिवारी तुम्ही मिनियापोलिसला होतात. व्यासपीठावर."

"ते टाळता आलं नाही."

ते वाक्य त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं, की प्रेबिचनेही मान वळवली. मग त्याने बेड्या काढल्या. ग्लेनने हात पुढे केले. व्हर्नाने ते हात पाहिले. याच हातांनी तिला रंधा कसा धरायचा ते शिकवलं होतं.

"तू निदान मला आधी एकट्याला विचारायचं होतंस," तो तिला म्हणाला.

"सोमवारी विचारलं होतं. तुम्ही वारा होता म्हणालात."

*

ग्लेनला गाडीत बसवून प्रेबिच परत आला. व्हर्ना ओसरीत होती.

"आता सेगुंदोला सोड," ती म्हणाली.

प्रेबिचने बुटाने बर्फ उकरला. "तो नाहीये. आज सकाळी सातला आले होते न्यायला. केंद्राचे इमिग्रेशनवाले. त्याच्याकडे कागद नव्हते, व्हर्ना."

"तुला माहीत होतं, मी दहाला हे करणार ते."

"माहीत होतं. पण आत घेतलेल्या माणसाचं नाव कळवावं लागतं. ते मी मंगळवारीच कळवलं होतं. तेव्हा तोच गुन्हेगार होता."

"आता नाहीये."

"आता तो माझ्याकडे नाहीये," प्रेबिच म्हणाला आणि गाडीकडे निघाला.

तिने आठवडाभर फोन केले. एक ठिकाण सांगे, दुसरीकडे हलवलाय. दुसरं म्हणे, यादीत नाव नाही. फेब्रुवारीच्या मध्याला दुलुथमधल्या एका चर्चच्या बाईंनी कळवलं की सेगुंदोची देशातून रवानगी झाली, तो विमानाने एक्वादोरमधल्या किटोला पोचता झाला. घरचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. ट्वेटनकडे असावा, पण ट्वेटनला पत्ते आठवत नव्हते.

व्हर्नाने अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर स्वतःबद्दल लिहिलं : सत्तावीस ऑक्टोबरला टोपी उघडून पाहिली नाही, प्रमाणपत्रावर विसंबून सही केली. वरच्यांनी ते पान काढायला सांगितलं. तिने काढलं नाही. मार्चमध्ये तिला घरांच्या तपासणीवरून काढून परवान्यांच्या खिडकीत बसवलं. प्रयोगशाळेचं उत्तर तेव्हा आलं. ठसा ग्लेनच्याच उजव्या अंगठ्याचा होता. ते ऐकायला आता कोणी थांबलं नव्हतं. कॉलेजातल्या काही जणांनी रस्त्यात तिला ओळख दाखवणं बंद केलं. एक जण म्हणाला, म्हाताऱ्याला संपवलंस, आता अशी घरं इथे कोण बांधणार?

मे महिन्यात आर्नीचा अर्ज तिच्याच खिडकीत आला. घर पाडायची परवानगी.

"घरात काही वाईट नाही, आर्नी," ती म्हणाली. "पाइप उघडा आहे. शेगडीची पट्टी बदला. शंभर वर्षं टिकेल."

"मला त्या स्वयंपाकघरातून चालताच येत नाही," आर्नी म्हणाला. "तुम्ही राहाल तिथे?"

तिने शिक्का मारला.

घर पाडायच्या दिवशी ती तिथे गेली. कामावर नव्हती, नुसतीच गेली. सरोवरावरचा बर्फ फुटला होता. यंत्राच्या लोखंडी पंजाने बाहेरचं राखाडी लाकूड सहज सोलून काढलं आणि आतली हिरवी भिंत उन्हात आली. पंजा सांध्यात घुसवून चालकाने ओढलं. सांधा सुटला नाही. त्याने पुन्हा ओढलं. मोठा आवाज करून बोर्डच मधोमध फाटला, काडकाड, आणि काळी टेप दोन्ही बाजूंचे तुकडे घट्ट धरून तशीच लोंबत राहिली. पुढच्या सांध्याचंही तेच झालं. आणि त्याच्या पुढच्या.

चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोणत्या गाढवाने चिकटवलंय हे? सुटतच नाही!"

"सेगुंदो गुआमान," व्हर्ना म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने कानाला हात लावला. ती चिखलातून यंत्राच्या जवळ गेली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, नाव आणि आडनाव दोन्ही.